फाउंडेशनकडे जाण्याआधी : कला, शिक्षण आणि हवामानाच्या कामासाठी निधी शोधणाऱ्यांना

“काम चांगलं चाललंय, आता निधी कुठे मिळेल तेवढं सांगा.” नव्याने संस्था काढलेली मंडळी भेटायला आली की पहिलं वाक्य साधारण हेच असतं. मी त्यांना लगेच अर्जाचा नमुना देत नाही. आधी विचारते, “हा पैसा संपला की हे काम कोण चालवणार?”

बहुतेक वेळा समोरची माणसं एकमेकांकडे बघतात. मी अर्ज लिहायला लागले तेव्हा माझ्याकडेही याचं उत्तर नव्हतं. पुढे काही वर्षांनी आलेले अर्ज वाचून शिफारस करणाऱ्या एका समितीत बसले, आणि तिथे कळलं की समितीतला प्रत्येक जण प्रत्येक अर्जाला मनातल्या मनात हाच प्रश्न विचारत असतो. कलेच्या अर्जाकडून त्याला एक उत्तर हवं असतं, शिक्षणाच्या अर्जाकडून दुसरं, आणि हवामानाच्या अर्जाकडून तिसरंच. हा फरक कळला की निम्मं काम झालं. उरलेलं निम्मं म्हणजे कष्ट आणि हिशेब. दोन्ही इथे क्रमाने सांगते.

१. पैसा कुठून येतो ते आधी पाहा

फाउंडेशन, प्रतिष्ठान, ट्रस्ट, न्यास अशी नावं अनेक. अर्जदाराने पाटीवरच्या नावात अडकू नये. यांच्याकडे पैसा कुठून आणि कोणत्या चालीने येतो, ते पाहावं.

सगळ्यांत जुना प्रकार कायम निधीचा. कुणीतरी आपली संपत्ती कायमची बाजूला काढलेली असते, ती गुंतवलेली असते आणि तिच्या उत्पन्नातून दरवर्षी अनुदानं दिली जातात. न्यूयॉर्कचं कार्नेगी कॉर्पोरेशन (१९११), रॉकफेलर फाउंडेशन (१९१३), फोर्ड फाउंडेशन (१९३६) ही या घडणीची ठळक नावं. अमेरिकेत अशा खासगी फाउंडेशनांना दरवर्षी मालमत्तेच्या साधारण ५ टक्के रक्कम खर्च करावीच लागते. याचा व्यवहारातला अर्थ असा : निधी १०० असेल तर वर्षाला बाहेर पडतात सुमारे ५. त्यातून आधी कर्मचारी आणि कार्यालयाचा खर्च जातो. मग ज्या संस्थांना मागे तीन-तीन वर्षांचा शब्द दिलाय, त्यांचे हप्ते जातात. नव्या माणसाच्या वाट्याला उरतं ते कदाचित १. ‘एवढं मोठं फाउंडेशन, आपल्याला थोडंसं द्यायला त्यांचं काय जातं’ हा हिशेब इथेच चुकतो.

दुसरा प्रकार कंपन्यांच्या फाउंडेशनांचा. इथे पैसा नफ्यावर हलतो. भारतात २०१३च्या कंपनी कायद्याने ठरावीक मर्यादेवरच्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करावी लागते. इतर अनेक देशांत ती कंपनीची मर्जी असते. कायदा काहीही असो, या पैशाची लय वर्षाची असते. आर्थिक वर्ष संपायच्या आधी दिसेल असं काहीतरी उभं राहावं, असा आग्रह असतो. दहा वर्षं मुरावं लागणारं काम घेऊन त्यांच्याकडे गेलात तर दोघांचीही ओढाताण होते.

तिसऱ्या प्रकाराकडे नव्या लोकांचं लक्ष कमी जातं. या संस्था स्वतः इतरांकडून पैसा उभा करतात आणि पुढे छोट्या-छोट्या अनुदानांत वाटतात. कलेसाठी बेंगळुरूचं इंडिया फाउंडेशन फॉर द आर्ट्स (स्थापना १९९३), हवामानासाठी २००८मध्ये काही मोठ्या अमेरिकी फाउंडेशनांनी मिळून उभं केलेलं क्लायमेटवर्क्स, ही उदाहरणं. तुमची संस्था लहान असेल तर पहिलं दार अशांचंच ठोठावा, हे माझं ठाम मत आहे. तिथली माणसं त्या क्षेत्रातलीच असतात. अर्ज कच्चा असला तरी त्यातलं काम त्यांना दिसतं.

आणि एक चौथा प्रकार, आपलं आयुष्य आधीच ठरवून आलेल्या फाउंडेशनांचा. अमेरिकी उद्योजक चक फीनी यांच्या अटलांटिक फिलान्थ्रॉपीजने सुमारे ८ अब्ज डॉलर वाटून २०२०मध्ये काम थांबवलं, आणि तेही ठरवून. असं फाउंडेशन शेवटच्या वर्षांत मोठ्या रकमा देतं, पण पुढच्या फेरीसाठी ते असणारच नाही. तेव्हा बंद होण्याची तारीख आधी विचारा.

२. त्यांनी दिलेलं वाचा

प्रत्येक फाउंडेशनच्या संकेतस्थळावर ‘आमची दृष्टी’ असं एक पान असतं. ते वाचा, पण त्यावर विसंबू नका. मागच्या तीन वर्षांत त्यांनी कुणाला, किती आणि किती काळासाठी दिलं, ही यादी शोधा. अनेक जण ती स्वतःच छापतात. अमेरिकेतल्या खासगी फाउंडेशनांना कर खात्याकडे दरवर्षी भरावा लागणारा ९९०-पीएफ हा फॉर्म सगळ्यांना पाहता येतो, आणि त्यात प्रत्येक अनुदानाची नोंद असते. ब्रिटनमध्ये ३६०गिव्हिंग हा उपक्रम अनेक फाउंडेशनांची माहिती एकाच साच्यात खुली करून ठेवतो.

ही यादी एका वहीत उतरवून काढा. हाताने उतरवली की आकडे बोलायला लागतात. सर्वांत लहान अनुदान किती? मिळवणाऱ्यांत पहिल्यांदाच मिळालेले किती, आणि दरवर्षी तीच ती नावं किती? तुमच्या आकाराची एखादी तरी संस्था आहे का? पैसा इमारतीला गेला, कार्यक्रमाला गेला की पगाराला?

हे मी किंमत मोजून शिकले. एका फाउंडेशनच्या पानावर ‘कला आणि संस्कृती’ एवढं वाचून आम्ही दोन महिने अर्ज लिहिला होता. लोककलावंतांच्या ध्वनिमुद्रणांचं काम होतं. नकार आल्यावर यादी पाहिली. पाच वर्षांत त्यांचा सगळा पैसा संग्रहालयांच्या नव्या दालनांना गेला होता. ती यादी आम्हाला पहिल्याच दिवशी पाहता आली असती. दोन माणसांचे दोन महिने वाचले असते, आणि त्या काळात वयाने थकलेल्या दोघा-तिघांचं ध्वनिमुद्रण तरी झालं असतं.

३. कलेसाठी : माणूस, जागा आणि वेळ

कलेला निधी देणारा ‘नंतर कोण चालवणार’ हा प्रश्न विचारतो तेव्हा त्याला संस्थेची रचना फारशी ऐकायची नसते. हे काम झालं की जगात काय राहील, ते त्याला ऐकायचं असतं. एक उदाहरण मला फार जवळचं वाटतं.

जेकब लॉरेन्स हा बावीस-तेवीस वर्षांचा कृष्णवर्णीय अमेरिकी चित्रकार. १९४०मध्ये त्याला उद्योजक ज्युलियस रोझेनवाल्ड यांनी उभ्या केलेल्या रोझेनवाल्ड फंडाची फेलोशिप मिळाली. त्या पैशातून त्याने काय घेतलं? मुख्यतः जागा. साठ फळ्या एका वेळी मांडून एकेक रंग सगळ्या फळ्यांवर लावत जाता येईल एवढा मोठा स्टुडिओ. अमेरिकेच्या दक्षिणेतून उत्तरेकडे निघालेल्या लाखो कृष्णवर्णीयांच्या स्थलांतराची साठ चित्रांची मालिका १९४१मध्ये पूर्ण झाली. आज तिची निम्मी चित्रं न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये आहेत आणि निम्मी वॉशिंग्टनच्या फिलिप्स कलेक्शनमध्ये. फेलोशिप संपली, फंडही १९४८मध्ये बंद झाला, चित्रं राहिली.

म्हणून कलेच्या अर्जात भाडं, साहित्य आणि स्वतःचं मानधन लिहायला संकोचू नका. कलावंत स्वतःचा वेळ फुकट धरून अंदाजपत्रक मांडतात आणि समितीला वाटतं, याचा कामाचा अंदाजच चुकलाय. माणसावर विश्वास टाकून त्याला मोकळं सोडण्याची परंपरा या क्षेत्रात जुनी आहे. गुगेनहाइम फेलोशिप १९२५पासून आहे. मॅकआर्थर फाउंडेशनची फेलोशिप १९८१पासून दिली जाते. तिच्यासाठी अर्जच करता येत नाही. लोक नावं सुचवतात, आणि पाच वर्षं मिळणाऱ्या पैशाचं काय करायचं ते फेलो स्वतः ठरवतो.

कामाचे नमुने हा इथला खरा अर्ज. वाचणाऱ्याकडे तुमच्यासारखे शंभर अर्ज असतात आणि नमुन्याला तो सुरुवातीला काही मिनिटंच देतो. सर्वांत चांगलं काम पहिलं ठेवा. ध्वनिमुद्रण असेल तर नेमकं कुठून ऐकायचं ते मिनिट-सेकंदासह लिहा. ‘या प्रकल्पातून दहा हजार लोकांत जागृती होईल’ असली वाक्यं काढून टाका. कलेच्या समितीत चित्रकार असतात, नाटकवाले असतात, संगीत जाणणारे असतात. त्यांना आकड्याने भुलवता येत नाही, आणि भुलवू पाहणाऱ्याबद्दल त्यांचं मत खाली येतं.

दोन गोष्टी करारावर सही करण्याआधी. एक, तयार झालेल्या कामाचे हक्क कुणाकडे राहणार? ते कलावंताकडेच राहावेत, फाउंडेशनला नाव छापण्याची आणि अहवालात वापरण्याची परवानगी तेवढी असावी. दुसरी, नाव कुणाचं लागणार? सॅकलर कुटुंबाच्या औषध कंपनीचं नाव ओपिऑइड, म्हणजे अफूसारख्या वेदनाशामक औषधांच्या, व्यसनाच्या साथीशी जोडलं गेल्यावर २०१९मध्ये पॅरिसच्या लूव्रने त्यांचं नाव दालनावरून काढलं आणि २०२१मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयानेही. मोठी संग्रहालयं हा धक्का पचवू शकली. लहान संस्थेला तो पचेल का, हा विचार पैसा येण्याआधी करायचा असतो.

४. शिक्षणासाठी : पुढे सांभाळणारा आधी शोधा

शिक्षणावर सरकारं जेवढा खर्च करतात, त्यापुढे सगळ्या फाउंडेशनांचा पैसा मिळून ओंजळभरच. हे फाउंडेशनांनाही ठाऊक असतं. त्यामुळे त्यांना शाळा चालवायच्या नसतात. एखादी गोष्ट करून दाखवायची असते आणि ती सरकारने, शाळांनी किंवा समाजाने उचलावी असं वाटत असतं. इथे ‘नंतर कोण’ या प्रश्नाचं उत्तर नावगावासह लागतं.

अमेरिकेतले पोलाद उद्योजक अँड्र्यू कार्नेगी यांनी हे फार लवकर ओळखलं होतं. १८८३ ते १९२९ या काळात त्यांच्या पैशातून जगभर अडीच हजारांहून अधिक ग्रंथालयं उभी राहिली. पण पैसा इमारतीचा. जागा गावाने द्यायची, आणि अनुदानाच्या १० टक्के एवढी रक्कम दरवर्षी गावाच्याच तिजोरीतून ग्रंथालयावर खर्च करायची, ही अट. काही गावांनी ही अट नको म्हणून देणगीच नाकारली. ज्यांनी मान्य केली, त्यांच्याकडे ग्रंथालय ही गावाची जबाबदारी झाली.

ज्युलियस रोझेनवाल्ड यांचं काम मला त्याहून अधिक शिकवून गेलं, कारण त्यात या पद्धतीची दुखरी बाजूही दिसते. १९१२ ते १९३२ या वीस वर्षांत कृष्णवर्णीय शिक्षणतज्ज्ञ बुकर टी. वॉशिंग्टन यांच्या सोबतीने सुरू झालेल्या या कामातून अमेरिकेच्या दक्षिणेत कृष्णवर्णीय मुलांसाठी जवळपास पाच हजार शाळा बांधल्या गेल्या. रोझेनवाल्ड एक हिस्सा देत. उरलेला स्थानिक समाजाने आणि सरकारी मंडळाने घालायचा, आणि शाळा सरकारी यंत्रणेने चालवायची. प्रत्यक्षात फंडाने दिलं त्याहून थोडं जास्तच गरीब कृष्णवर्णीय कुटुंबांनी जमवलं. कुणी पैसा दिला, कुणी जमीन, कुणी अंगमेहनत. हीच माणसं करही भरत होती आणि त्या करातून गोऱ्या मुलांच्या शाळा अधिक चांगल्या चालत होत्या. म्हणजे आपल्या मुलांच्या शाळेसाठी त्यांनी दोनदा मोजलं. ‘लोकसहभाग’ हा शब्द अर्जात लिहिताना मी दर वेळी या कुटुंबांचा विचार करते. लोक किती देऊ शकतात हे त्यांना विचारून लिहा. आकडा भरायचा म्हणून लिहू नका.

शिक्षणात पैसा फिरता ठेवण्याचीही एक रीत आहे. जमशेटजी टाटांनी १८९२मध्ये उच्च शिक्षणासाठी निधी उभा केला तो कर्जाऊ शिष्यवृत्तीचा. विद्यार्थी शिकून कमावता झाला की परतफेड करतो आणि तो पैसा पुढच्या विद्यार्थ्याकडे जातो. सव्वाशेहून अधिक वर्षं ते चक्र चालू आहे.

तुमच्या अर्जासाठी यातून निघतं ते असं. सुरुवातीची मोजणी करा. मुलं आज किती वाचू शकतात, हे काम सुरू होण्याआधी नोंदवलं नाही तर नंतरच्या कुठल्याही प्रगतीला आधार राहत नाही. पहिल्या आठवड्याचं हे काम नव्वद टक्के नव्या संस्था पुढे ढकलताना मला दिसल्या, आणि मग दोन वर्षांनी त्यांच्याकडे छायाचित्रं असतात, पुरावा नसतो. शिक्षकाचा वेळ मोजा. तुमचा उपक्रम त्याच्याकडून रोज अर्धा तास मागत असेल तर तो कुठल्या तासातून येणार, ते लिहा. आणि लहान सुरुवात करून, चुका सुधारून मग वाढवण्याची तयारी दाखवा. १९६९मध्ये सुरू झालेल्या ‘सेसमी स्ट्रीट’ या मुलांच्या दूरचित्रवाणी मालिकेला कार्नेगी कॉर्पोरेशन, फोर्ड फाउंडेशन आणि अमेरिकी सरकार यांनी पैसा दिला. प्रक्षेपणाआधी मालिकेचे भाग मुलांना दाखवून, ती कुठे रमतात आणि कुठे लक्ष उडतं हे पाहिलं गेलं, आणि त्यानुसार भाग बदलले. असा ‘करून पाहण्याचा’ काळ अंदाजपत्रकात वेगळा मागा. समजूतदार फाउंडेशन तो आनंदाने देतं.

५. हवामानासाठी : कुठला निर्णय बदलेल?

जगभरात दानधर्मासाठी जो पैसा दिला जातो, त्यातला २ टक्क्यांहूनही कमी पैसा हवामान तापवणाऱ्या वायूंचं उत्सर्जन घटवण्याच्या कामाला जातो, असं क्लायमेटवर्क्सचे अहवाल वर्षानुवर्षं सांगत आले आहेत. इतक्या थोड्या पैशातून इतक्या मोठ्या प्रश्नाला हात घालायचा, म्हणून देणारे तरफ शोधतात. जिथे थोडा जोर लावला की मोठा दगड हलेल अशी जागा.

नवखे अर्जदार बहुतेकदा रोपं लावण्याचा प्रस्ताव घेऊन येतात. रोपं लावावीत. पण हवामानाच्या क्षेत्रातल्या फाउंडेशनांचा बराच पैसा इतरत्र जातो : ऊर्जेची धोरणं तयार करणाऱ्यांना माहिती पुरवणं, इमारती आणि उपकरणांची मानकं कडक करणं, प्रदूषणाची मोजमापं लोकांसाठी खुली करणं, कायदेशीर लढे, जंगलावर जगणाऱ्या समाजांचे जमिनीचे हक्क. ग्लासगोच्या २०२१च्या हवामान परिषदेत काही सरकारं आणि खासगी फाउंडेशनांनी मिळून आदिवासी व स्थानिक समाजांच्या वनहक्कांसाठी १.७ अब्ज डॉलरचा शब्द दिला. ज्यांचा हक्क पक्का असतो ते आपलं जंगल राखतात, हे त्यामागचं साधं कारण. त्याच वर्षी रॉकफेलर फाउंडेशन, आयकिया फाउंडेशन आणि बेझोस अर्थ फंड यांनी प्रत्येकी ५० कोटी डॉलर घालून गरीब देशांतल्या स्वच्छ ऊर्जेसाठी एक आघाडी सुरू केली. तिथली कल्पना अशी की देणगीच्या पैशाने सुरुवातीची जोखीम उचलायची, म्हणजे बँका आणि गुंतवणूकदार मागून येतील.

तेव्हा अर्ज लिहिताना एका ओळीत उत्तर द्या : आमच्या कामामुळे कोण, कधी, कुठला निर्णय वेगळा घेईल? ‘नगरपालिका पुढच्या वर्षीच्या इमारत नियमांत छपरांचा रंग आणि उष्णतारोधन धरेल’ हे उत्तर झालं. ‘पर्यावरणाचं भान वाढेल’ हे झालं नाही. जुळवून घेण्याचं काम असेल, म्हणजे उष्णता, पूर, पाणीटंचाई यांपासून माणसं वाचवण्याचं, तर माणसं मोजा आणि त्यांतली सर्वांत जास्त धोक्यात कोण आहेत ते सांगा. कार्बनचे फुगवलेले आकडे लिहू नका. ते तपासणारे लोक आता बऱ्याच मोठ्या फाउंडेशनांमध्ये असतात.

या क्षेत्रात देणाऱ्याच्या पैशाचा उगम विचारणं हा उद्धटपणा मानला जात नाही. रॉकफेलर ब्रदर्स फंड हा तेलावर उभ्या राहिलेल्या संपत्तीचा वारस. त्याने २०१४मध्ये खनिज इंधनांतली गुंतवणूक काढून घेण्याचं जाहीर केलं. त्याहून बोलकी गोष्ट लिस्बनच्या गुल्बेंकियन फाउंडेशनची. कालुस्त गुल्बेंकियन यांची संपत्ती तेलाची, आणि १९५६मध्ये स्थापन झालेल्या या फाउंडेशनकडे पुढची साठेक वर्षं एका तेल कंपनीची मालकी होती. त्या पैशातून १९५८पासून मोटारींतली फिरती ग्रंथालयं पोर्तुगालच्या खेड्यापाड्यांत गेली, वाद्यवृंद उभा राहिला, १९६९मध्ये संग्रहालय उघडलं. २०१९मध्ये त्यांनी ती तेल कंपनी विकली, आणि २०२०पासून हवामानाच्या कामासाठी १० लाख युरोचा पुरस्कार सुरू केला. पहिला स्वीडनची तरुण हवामान कार्यकर्ती ग्रेटा थुनबर्गला मिळाला आणि तिने तो सगळा इतर संस्थांना देऊन टाकला. कला, शिक्षण आणि हवामान ही तिन्ही कामं एकाच छपराखाली कशी येतात आणि त्यासाठी घरातलंच काय सोडावं लागतं, हे पाहायचं तर या फाउंडेशनचा इतिहास जरूर वाचा.

६. दोन पानांची टिपणी

पूर्ण अर्जाआधी बहुतेक ठिकाणी कॉन्सेप्ट नोट, म्हणजे कामाची कल्पना थोडक्यात सांगणारी टिपणी, मागतात. दोन पानं पुरतात. पहिल्या परिच्छेदात प्रश्न, तोही तुम्ही डोळ्यांनी पाहिलेला. दुसऱ्यात तुम्ही आजवर काय केलंत. मग आता काय करायचंय, कुणाबरोबर, किती काळात. शेवटी रक्कम. रक्कम लपवून ठेवण्यात शहाणपण नाही. वाचणारा आधी तिकडेच बघतो.

टिपणी लिहून झाली की या क्षेत्रातल्या नसलेल्या एखाद्या ओळखीच्या माणसाला द्या आणि विचारा, “आम्ही नेमकं काय करणार आहोत?” त्याला सांगता आलं नाही तर समितीलाही कळणार नाही. ‘सर्वसमावेशक’, ‘सक्षमीकरण’, ‘परिवर्तनशील’ हे शब्द खोडून पाहा. वाक्य तरीही उभं राहतंय का? बहुधा जास्त ताठ उभं राहतं.

७. अंदाजपत्रक

इथे नव्या संस्था स्वतःवर सर्वांत जास्त अन्याय करतात. कार्यशाळांचा खर्च लिहितात, पण हिशेबनीस, जागेचं भाडं, वीज, लेखापरीक्षण, इंटरनेट, नव्या माणसाच्या प्रशिक्षणाचा वेळ हे सगळं पदरमोड करून भागवू असं धरतात. हा झाला अप्रत्यक्ष खर्च. अनेक फाउंडेशनं त्याला १० ते १५ टक्क्यांची मर्यादा घालतात आणि खरा खर्च अनेकदा त्याहून जास्त असतो. जो खर्च एखाद्या कामाशी थेट जोडता येतो, तो त्या कामाच्या शीर्षकाखाली प्रामाणिकपणे दाखवा. हिशेबनीसाचा निम्मा वेळ या प्रकल्पाला जाणार असेल तर त्याचा निम्मा पगार प्रकल्पाचाच खर्च आहे.

बांधील आणि मुक्त निधी हा फरकही जाणून असा. बांधील निधी ठरल्या कामावरच खर्चता येतो. मुक्त निधी संस्थेला गरज असेल तिथे. मुक्त निधी दुर्मीळ असला तरी वाढतो आहे. फोर्ड फाउंडेशनने २०१६पासून ‘बिल्ड’ या कार्यक्रमात संस्थांना पाच-पाच वर्षांचा लवचिक निधी द्यायला सुरुवात केली. अमेरिकी देणगीदार मॅकेन्झी स्कॉट यांनी २०२०पासून दोन हजारांहून अधिक संस्थांना अटींशिवाय पैसा दिला. नव्या संस्थेने पहिल्याच भेटीत मुक्त निधी मागू नये, पण दुसऱ्या अनुदानाच्या वेळी नक्की मागावा.

८. होकार आल्यावर

आनंद साजरा करा आणि मग करार सावकाश वाचा. हप्ते कधी, कोणत्या अहवालानंतर? एका शीर्षकाचा पैसा दुसऱ्याकडे किती टक्क्यांपर्यंत विचारल्याशिवाय वळवता येतो? न वापरलेला पैसा परत करायचा का? स्वतंत्र बँक खातं हवं का? परदेशातून पैसा येणार असेल तर तुमच्या देशाच्या कायद्याने त्यासाठी वेगळी परवानगी लागते का, हे कराराआधी जाणकाराला विचारा. नंतर विचारून उपयोग नसतो.

वाईट बातमी लवकर सांगा. आमच्या एका वाचन-प्रकल्पात प्रशिक्षण दिलेले बरेच शिक्षक पहिल्याच वर्षी दुसऱ्या शाळांत गेले. सहकारी म्हणाले, वर्षअखेरच्या अहवालात लिहू. मी त्याच आठवड्यात प्रोग्रॅम ऑफिसरना, म्हणजे फाउंडेशनमधल्या आमचं अनुदान पाहणाऱ्या अधिकाऱ्यांना, फोन केला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि उरलेल्या पैशातून शाळेऐवजी परिसराच्या पातळीवर प्रशिक्षण घ्यायला परवानगी दिली. शिक्षक कुठल्याही शाळेत गेला तरी परिसरातच राहणार होता. मूळ आराखड्यापेक्षा हे चांगलं चाललं. हीच गोष्ट अहवालात दहा महिन्यांनी कळली असती तर पैसाही संपला असता आणि विश्वासही.

९. नकार आल्यावर

नकार जास्त येतात, होकार कमी. आभाराचं पत्र लिहा आणि एकच प्रश्न विचारा : पुढच्या फेरीत यावं असं तुम्हाला वाटतं का? ‘जरूर या’ असं उत्तर आलं तर काय बदलायचं ते विचारा. ‘आमच्या कार्यक्षेत्रात बसत नाही’ असं आलं तर वहीतून ते नाव खोडा आणि पुढे चला. मिळालेली उत्तरं तारखेसह लिहून ठेवा. तीन वर्षांनी तुमच्या जागी दुसरं कुणी अर्ज लिहीत असेल, आणि त्या माणसासाठी ही वही तयार अर्जापेक्षा मोलाची असेल.

१०. शेवटचं वर्ष

शेवटचा हप्ता येण्याच्या बारा महिने आधी फाउंडेशनकडे बैठक मागा. पुढे निधी देणार का, नसेल तर दुसऱ्या कुणाशी ओळख करून देणार का, हे तिथे स्पष्ट विचारा. ज्यांनी काम पुढे उचलायचं, ती नगरपालिका, ती शाळा, ते कलावंतांचं मंडळ, त्यांच्यापैकी एकाला तरी सोबत न्या आणि बोलू द्या. जाताना पहिली दोन पानांची टिपणीही बरोबर घ्या. तिच्यात तुम्ही लिहिलेलं असेल, हे काम नंतर कोण चालवणार. त्या नावासमोर आज कोण आहे, ते बैठकीआधी पेन्सिलीने लिहून घ्या.